डाव्या कुशीतला टक

"अवो ताई, तुमची ती शिवणाची बाई गेली."

हौसाबाईंचा फोन आला तेव्हा मी भूगावच्या दुकानात एका नवरीच्या लेहेंग्याची ट्रायल घेत होते. ओठांत टाचण्या धरलेल्या. त्या काढून मी पहिला शब्द उच्चारला तो "खरंच?" असा. मरणाची बातमी ऐकल्यावर कोणीही असं विचारतं, पण माझ्या आवाजात दुःखापेक्षा संशय जास्त होता आणि तो हौसाबाईंना बरोबर कळला. कारण उषाताई याआधीही एकदा अशाच 'गेल्या' होत्या. एक गिऱ्हाईक सारखं मागे लागलं म्हणून त्यांनी घरमालकीण हौसाबाईंच्या तोंडून निरोप पाठवला होता, बाई वारल्या. ते भलं माणूस हार घेऊन रिहे गावापर्यंत आलं, आणि उषाताई तेवढा वेळ मागच्या गोठ्यात म्हशीच्या आडोशाला बसून राहिल्या. "न्हाई ताई," हौसाबाई म्हणाल्या, "ह्या बारीला खरं हाय." मग मात्र मी टाचण्यांची डबी मिटली आणि त्या नवरीला म्हटलं, उद्या ये.

उषाताईंबद्दल लिहायचं तर संशयापासूनच सुरुवात करायला हवी. त्या सगळ्यांवर संशय घेत आणि सगळे त्यांच्यावर. आमची ओळख झाली तीही अशीच. मुळशीच्या धरणाकाठी लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, त्यांना लांब घेराचे गाऊन मी भाड्याने देते. पाण्याकाठच्या दमट हवेत नेटचा घेर तासाभरात मान टाकतो, हा माझा कायमचा वैताग. एकदा एक मुलगी स्वतःचा स्कर्ट घालून आली. पोटरीच्या खाली येणारा, घंटेसारखा, फिकट पांढरा. ती दिवसभर काठाकाठाने हिंडली, गवतात बसली, पण संध्याकाळपर्यंत तो घेर सकाळसारखाच ताठ. मी तिच्या विनवण्या करून तो आतून पाहिला. जाळीचे थर एकाखाली एक, प्रत्येक थर वरच्यापेक्षा बोटभर आखूड, आणि थर एकमेकांना हाताने, सैल टाक्यांनी अडकवलेले. मशीनवर हे होत नाही. कोणी शिवला, विचारलं तर म्हणाली, "रिह्याला एक बाई आहेत, पण त्या कोणाला भेटत नाहीत."

मला भेटल्या, म्हणजे अर्धं दार उघडून उभ्या राहिल्या. सत्तरीच्या, बुटक्या, केस अगदी कानापर्यंत कापलेले, चष्मा दोरीला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "कोणी पाठवलं?" मी त्या मुलीचं नाव सांगितलं. "तिनं आतून पाहू दिलं तुम्हाला?" हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की जणू त्या मुलीने घराच्या किल्ल्या दिल्या होत्या मला. तरी त्यांनी दार लावलं नाही. जाळीचा एक तुकडा हातात दिला आणि म्हणाल्या, "याच्या चुण्या घाला बघू." मी घातल्या. त्या पाहून त्यांनी फक्त "हं" केलं, पण पुढच्या आठवड्यात मला आत घेतलं.

गावात त्यांच्याविषयी काय काय बोललं जायचं हे मला हौसाबाईंनीच नंतर सांगितलं. एकटी बाई, नातेवाईक येत नाहीत, खोलीत कायम अंधार. कोणाच्या तरी पोराने खिडकीच्या फटीतून पाहिलं, तर छताला पांढरं काहीतरी उलटं लटकलेलं. "लोक म्हनायचे, करनी करती म्हनून," हौसाबाई सांगत होत्या, "येकजण तर मला म्हनला, बाईला खोली खाली करायला लावा. मी सरळ जाऊन इचारलं. तर ही म्हनती कशी, त्येला टुटू म्हनत्यात. आता नाव बी कसलं… कोंबड्यांना हाक मारल्यावानी!" तो टूटूच होता. बॅले नाचणाऱ्या मुली घालतात तो. सरळ टांगला तर घेर स्वतःच्याच वजनाने खाली झुकतो, म्हणून तो उलटा टांगायचा, आणि उन्हाने जाळी पिवळी पडू नये म्हणून खिडकी कायम लावलेली. उषाताईंच्या आतल्या खोलीत असे चार-पाच असत, आणि त्यांच्या मधोमध एक जुना, पिवळट पडलेला, बगलेत घामाचे डाग असलेला. त्याला कोणी हात लावायचा नाही. मी एकदा नुसतं बोट पुढे केलं तर त्या म्हणाल्या, "बघायचं डोळ्यांनी."

आमचं काम जमलं. त्या शिवत, मी गिऱ्हाईक पाही. आमच्या धंद्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसतं की आज नवऱ्या ज्याला प्रिन्सेस गाऊन म्हणतात त्याचं मूळ नाचाच्या मंचावर आहे. दोनेकशे वर्षांपूर्वी युरोपात नाचणाऱ्या मुलींनी धुक्यासारखा पांढरा, लांब घेर घातला. पुढे पाय दिसावेत म्हणून तो नाचात आखूड होत होत ताटासारखा आडवा झाला, पण लांब घेर काही गेला नाही, तो नवरीच्या अंगावर आला. पुण्यात कॅम्पातल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांच्या लग्नाच्या फोटोंत पोटरीपर्यंतचे फुललेले फ्रॉक दिसतात ते त्याचेच नातलग. आता मुली 'व्हिंटेज' म्हणून तेच मागतात. आणि आपल्या लेहेंग्याखाली कॅनकॅनची कडक जाळी असते, तीही तिथलीच. हे सगळं मला उषाताईंनी सांगितलं. कापता कापता, मान वर न करता. "तुमच्या नवऱ्या टूटूच घालतात," म्हणायच्या, "फक्त त्यांना कोणी नाचू देत नाही."

त्या सांगायच्या की आपण परदेशात, बॅलेच्या कपड्यांच्या कार्यशाळेत बरीच वर्षं होतो. आमच्या गिऱ्हाइकांना हे ऐकायला फार आवडायचं, आणि त्यावरच आमचे गाऊन खपत. मला मात्र पहिल्यापासून खटकत होतं. एकदा म्हणाल्या, कार्यशाळेच्या खिडकीतून नदी दिसायची. पावसाळ्यात तीच गोष्ट पुन्हा निघाली तेव्हा खिडकीत समुद्र आला होता. थंडीत बोटं कशी सुजायची ते अगदी मन लावून सांगायच्या, पण कामाला कशाने जात होता असं विचारलं की चष्मा शोधायला लागायच्या, आणि चष्मा तर गळ्यातच असायचा. जाळी, चोळी, कमरेची पट्टी, आतली चड्डी… त्या सगळ्या भागांना मराठी नावं. एकही परकं नाव तोंडात नाही. मी घरी आल्यावर नवऱ्याला म्हणायचे, या बाई काहीतरी लपवतायत. तो म्हणायचा, "शिवण चांगलं आहे ना?" शिवण चांगलंच होतं. पण मला तेवढ्याने चैन पडत नव्हतं.

आणि तो टक. त्यांच्या प्रत्येक चोळीला डाव्या कुशीत, बगलेच्या खाली, एक जास्तीचा टक असायचा, कापड चिमटून आत घेतलेली शिवण. उजवीकडे नाही, फक्त डावीकडे. लठ्ठ मुलगी असो, किडकिडीत असो, माप कुठलंही असो, तो टक असायचाच. मी विचारलं तर म्हणाल्या, "असाच असतो. तिथे असाच घालतात."

आमचं मोठं भांडण झालं ते याच टकावरून. एका सकाळी त्यांचा फोन, "लगेच या." गेले तर टेबलावर एक पीच रंगाचा गाऊन उलटा करून ठेवलेला. पिरंगुटच्या भाड्याच्या दुकानातला, एका फोटोग्राफरने घेर फाटला म्हणून दुरुस्तीला आणलेला. मशीनवर शिवलेला, स्वस्तातला माल. पण डाव्या कुशीत तोच टक. उषाताई खुर्चीवर ताठ बसल्या होत्या. "आत काय आहे हे माझ्याशिवाय फक्त तुम्हाला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"मी कोणाला काही दिलं नाही, ताई."

"मग पाखरांनी नेलं?"

मला राग आला. इतकी वर्षं मनात दाबलेलं तोंडावर आलं. म्हटलं, "तुम्ही माझ्यावर चोरीचा आळ घेताय, पण मी तुमचं सगळं खरं मानून चाललेय. नदी होती की समुद्र, ते तरी एकदा ठरवा!" त्यांनी टेबलावरची कात्री उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली, ड्रॉवरला कुलूप लावलं, आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. बाहेर पडले तेव्हा हौसाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार, पण वर पाहिलं नाही.

भातलावणी झाली, कापणी झाली, तरी आम्ही बोललो नाही. मग त्या फोटोग्राफरनेच सहज सांगून टाकलं. आमचीच एक नवरी, लग्नानंतर तिने गाऊन त्या दुकानाला देऊन टाकला होता. दुकानदाराने तो उसवून, मांडून, टाक्याला टाका अशी नक्कल करवली होती. टकासकट. मी हौसाबाईंकडून हा निरोप उषाताईंना कळवला. माफी येईल असं मला वाटलं नव्हतं, आणि आलीही नाही. निरोप आला तो एवढाच, "पुढचं माप कधी पाठवताय?"

पुढचं माप मृण्मयीचं होतं. वडिलांच्या नोकरीमुळे तिचं लहानपण हॉलंडमध्ये गेलेलं, तिथे ती बॅले शिकलेली. आता हिंजवडीत नोकरी. भूगावच्या लॉनवर रिसेप्शनला तिला एक छोटासा नाच करायचा होता, आणि त्यासाठी खऱ्या टूटूच्या बेताचा लांब गाऊन हवा होता. मला मनातून भीती वाटत होती. आजवर आमच्याकडे आलेल्यांपैकी कोणीच खरा टूटू पाहिलेला नव्हता. ट्रायलच्या दिवशी तिची आई आणि मी त्या अंधाऱ्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या. मृण्मयीने गाऊन चढवला, हात वर केला, आणि बगलेखाली बोट घालून चाचपलं.

"काकू, हा टक माझ्यासाठी नाहीये," ती म्हणाली.

उषाताई म्हणाल्या, "असाच असतो."

"नाही हो. आमच्या क्लासला जुने टूटू यायचे. एकच टूटू किती तरी जणी घालायच्या. एखादीची एक बाजू बारीक असली की तेवढाच टक मारायचे, तिच्यापुरता. हा कोणा तरी मुलीसाठी घातलेला आहे… तुम्ही कुठल्या शहरात होता?"

"नाव सांगून तुम्हाला कळणार नाही."

"मी तिकडेच वाढलेय. सांगा तर."

उषाताई खाली वाकल्या आणि घेराची कड सारखी करायला लागल्या. कड सारखीच होती. बराच वेळ त्या उठल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "कमरेत घट्ट होतंय का?" परतताना गाडीत मृण्मयीच्या आईने माझ्यावर तोफ डागली. ही बाई कधी परदेशात गेलेलीच नाही, तुम्हाला हे ठाऊक होतं का, खोटं बोलणाऱ्या बाईच्या हातात लग्नाचा कपडा कसा ठेवायचा? मी काय सांगणार? माझ्या मनात तर तेच होतं, त्यांच्या आधीपासून. मृण्मयी खिडकीबाहेर बघत होती. ती म्हणाली, "आई, मला हाच हवाय." मग माझ्याकडे वळून, "फक्त तो टक काढून द्यायला सांगा."

हा निरोप मला फोनवर देववेना, म्हणून मी स्वतः गेले. ती आमची शेवटची भेट. उषाताईंनी ऐकून घेतलं, गाऊन मांडीवर घेतला आणि तो टक उसवायला बसल्या. एकेक टाका. धागा ओढून न काढता, सुईच्या टोकाने उचलून. टक निघाला, तिथलं कापड मोकळं झालं, आणि त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. मग त्या जुन्या, पिवळट टूटूकडे पाहिलं.

"म्हणजे तो टक एकीच्याच मापाचा होता," त्या म्हणाल्या.

मी खाली पडलेले धागे वेचत होते.

"डावीकडून बारीक होती म्हणजे ती…" असं त्या ज्या सुरात म्हणाल्या, तो शेजारच्या मुलीबद्दल बोलावं तसा होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता सांगतील. आणि त्याच वेळी असंही वाटलं की हेही नाटकच असेल, यातूनही सुटायची वाट शोधत असतील. त्यांनी मान वर केली, मी अशी बघतेय हे त्यांना दिसलं, आणि चेहरा पुन्हा मिटला. "शनिवारी गाऊन न्या," म्हणाल्या. गाऊन मीच नेला. रिसेप्शनला मृण्मयी नाचली. उडी घेतली की घेर तिच्यामागोमाग वर जायचा आणि ती टेकल्यावर जरा उशिराने खाली यायचा. तिच्या आईने माझा हात धरला, पण उषाताईंचं नाव काढलं नाही. मी दुसऱ्या दिवशी उषाताईंना फोन केला. त्यांनी "कुठे उसवलं का?" एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर ठेवून दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी हौसाबाईंचा तो फोन.

हृदय थांबलं, सकाळच्या चहाआधी. हौसाबाई कप घेऊन गेल्या तर त्या खुर्चीतच होत्या.

दिवसकार्याच्या सुमारास नाशिकहून शैलाताई आल्या, उषाताईंच्या वहीत सापडलेल्या नंबरवर हौसाबाईंनी कळवलं म्हणून. उषाताईंची भाची. पन्नाशीच्या, शाळेत शिक्षिका. इतकी वर्षं कोणी फिरकलं नाही आणि आता बरोबर कशी आली, हा पहिला विचार माझ्या मनात. जुन्या कपड्यांना हल्ली भाव असतो हे मला धंद्यामुळे ठाऊक, आणि या बाई खोलीत शिरल्या त्या थेट त्या पिवळट टूटूपाशी. मी दाराला खेटून उभी राहिले. मुद्दाम विचारलं, "मावशी तिकडे कुठल्या शहरात होत्या हो?"

"तिकडे कुठे?"

"परदेशात."

शैलाताई वळल्या. माझी थट्टा चाललीय का, हे त्या बघत होत्या. "मावशी? तिनं विमान फक्त आकाशात पाहिलं. मुंबईला गिरगावात होती, नाटकवाल्यांना भाड्याने कपडे देणाऱ्या ड्रेपरीच्या दुकानात. मग आमच्याकडे नाशिकला, मग इथे. पत्ता द्यायची नाही कोणाला. आम्ही आलो असतो तर तिचं सगळं उघडं पडलं असतं, हे आत्ता कळतंय मला."

मग त्यांनी सांगितलं ते असं. मुंबईत परदेशातून बॅलेवाल्यांचा एक ताफा आला होता. त्यांचे काही कपडे प्रवासात फाटले म्हणून दुरुस्तीला त्या दुकानात आले. एक टूटू इतका फाटून गेलेला होता की ते तो तिथेच टाकून गेले. उषाताईंनी तो घरी आणला. दुकानातून आल्यावर जमिनीवर चादर पसरून त्या तो उसवत बसायच्या, एकेक थर, आणि थर कसा होता तसा पुन्हा शिवायच्या. चुकला की परत उसवायचा. "आम्ही मुलं सुट्टीत तिच्याकडे जायचो. जाळीचे ते थर खोलीभर पसरलेले असायचे, आम्ही त्यांच्याखाली मच्छरदाणीसारखे झोपायचो. ती ओरडायची. पण उठवायची नाही." शैलाताई हसल्या आणि मग थांबल्या. "त्या ताफ्याबरोबर कपडे बघणारी एक बाई होती. तिला मावशीचं काम आवडलं. आमच्याबरोबर चल म्हणाली म्हणे. मावशी नाही म्हणाली."

"हे कोणी सांगितलं?"

"मावशीनंच."

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. त्या गोष्टीवर विश्वास ठेवावा की नाही, हे दोघींनाही कळत नव्हतं. अजूनही मला कळलेलं नाही. मध्येच वाटतं, खरंच कोणी विचारलं असेल, आणि नाही म्हटलेल्या त्या आयुष्याच्याच गोष्टी त्या आम्हाला सांगत राहिल्या, खिडकीतली नदी, सुजलेली बोटं. मध्येच वाटतं, तेही रचलेलंच. एवढं मात्र नक्की की त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. कोणा अनोळखी, एका बाजूने बारीक असलेल्या मुलीच्या फाटक्या कपड्याने शिकवलं, आणि तिचा टक त्यांनी नियम समजून आयुष्यभर घातला. तो आमच्या नवऱ्यांच्या अंगावर गेला, तिथून पिरंगुटच्या भाड्याच्या गाऊनमध्ये गेला, आणि आता कुठल्या कुठल्या शिलाईखान्यांत तो घातला जात असेल आणि कोणी विचारलं तर तिथले लोकही म्हणत असतील, असाच असतो.

शैलाताईंनी जुना टूटू नेला. विकणार का, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी तो काढून आधी स्वतःच्या पोटाला लावून पाहिला, आणि "लहानपणी एकदाही घालू दिला नाही तिनं," असं म्हणून डोळे पुसले. मी प्रश्न गिळला. जाळीचे तागे आणि कपाटातलं बाकीचं सामान मी दुकानात आणलं.

काल हौसाबाईंकडे गेले होते. खोली भाड्याने द्यायचीय, उरवड्याच्या कंपनीतली दोन मुलं विचारून गेलीत, असं त्या म्हणाल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, बाई परदेशात कधी गेल्याच नव्हत्या म्हणून. त्यांना नवल वाटेल असं मला वाटलं होतं.

"मला ठाव व्हतं," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"कापडाचं बोलायची तवा माझ्या डोळ्यांत बगून बोलायची. तिकडचं सांगायला लागली का भितीकडं बगायची."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"कशापायी बोलायचं? मला आइकायला बरं वाटायचं. आन् तिला सांगाया." हौसाबाईंनी कडी काढली. आत केरसुणी फिरवलेली होती, छताचे आकडे रिकामे. त्यांनी खिडकी सताड उघडली आणि दुपारचं ऊन टेबलापर्यंत आत आलं. त्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग खिडकीचं एक दार हळूच ओढून घेतलं.

"ऊन लागतंय जाळीला," म्हणाल्या.

खोलीत जाळीचा एक तुकडाही उरलेला नव्हता. दुसरं दार मी लोटलं.